डाव्या हातात नाही

पावणेसातला स्नेहलतागंजात
सरमंडल सरांची बेल वाजवते.
उपाशीपोटीचं रक्त, दर तीन महिन्यांनी.
आत चाळणीत पोहे निथळत असतात,
काकू म्हणतात, आटप गं, यांना भूक आवरत नाही.

बाही ते स्वतःच दुमडतात.
चार घड्या, एकसारख्या.
मग डावा हात टेबलावर उताणा ठेवतात,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मी रबरी पट्टा आवळते.
काय दिसतं?
शीर, सर.
शीर तर शेंबड्या पोरालाही दिसते. खाली काय आहे?

खाली काय आहे
ते डिप्लोम्यात नव्हतं.
कोपराची खोबण, निळी रेघ, तिरकी सुई,
पट्टा सोडा, कापूस दाबा.

ते उजव्या तर्जनीने सांगत जातात.
हा त्रिकोण. टोक खाली, मनगटाकडे.
दंडाच्या स्नायूची दोरी इथे बुडते,
तिला लागून धमनी,
धमनीच्या पलीकडे मज्जातंतू.
एकाच खोलीत तिघं,
आणि वर गच्चीवर तुझी शीर.
मधे एक पांढरं पातळ पटल आहे.
पूर्वी न्हावी नस्तर मारून रक्त काढायचे ना,
ते हिच्या जिवावर.
सुई खोल गेली तर आधी ही आडवी येते.

अकरा वर्षं मी तिच्या भरवशावर पोट भरतेय.
ओळख आज झाली.

पिवळं झाकण. जांभळं. राखाडी.
नळ्या भरतात तोवर ते छताकडे बघतात.
कापूस दाबून झाला की
उजव्या तळव्याची टाच
डाव्या कोपराच्या आतल्या हाडावर ठेवतात,
बोटं मनगटाच्या दिशेने पसरून.
अंगठा: हात पालथा करणारा.
तर्जनी: मनगट वाकवणारा.
अनामिका: तोही, पण करंगळीकडे ओढणारा.
मधलं बोट
उचलून तसंच धरतात हवेत.

याच्याखाली माझ्याकडे काही नाही.

अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवतात.
उजव्या हातात दोरी टच्चकन वर येते,
ओल्या पंचाखालून वलणी दिसावी तशी.
डाव्यात नुसती कातडी,
तिच्यावर माझ्या मागच्या खेपेचा पिवळा डाग.

शंभरात पंधरा-सोळा जणांना नसते, ते म्हणतात.
काही अडत नाही.
असलेल्यांचीही सर्जन काढून घेतात,
कुणाची तुटलेली जोडायला.
द्यायलाच ठेवलेली जास्तीची दोरी,
तीही इकडे द्यायला विसरला.

आतून काकू: सकाळी सकाळी नको ते.

नको ते म्हणजे
टीव्हीखालच्या खणातला देहदानाचा फॉर्म.
धाकट्याची सही तेवढी राहिलीय,
तो म्हणतो, पुढच्या खेपेला.

चार पोरांत एक हात वाटून देतात, सर म्हणतात.
मंगळवारपर्यंत शोधतील.
मग एखादी मुलगी समजेल
आपल्याच ब्लेडखाली गेली ती.
छत्तीस वर्षांत तीन रडल्या,
मी जाऊन सांगायचो, अगं, नव्हतीच.
या वेळी कोण सांगणार?

मी नळीवर नाव लिहिते. वय ८१. वेळ ७.०४.
काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून
अक्षर जरा जास्तच चांगलं काढते.
काकू पोह्यांवर जिरावण भुरभुरतात,
ते डाव्या हातानेच चमचा उचलतात,
मी वाकवू नका सांगितलेलं असूनही.

मालवा मिलच्या सिग्नलला
हातमोजे काढते, बाह्या सारते,
अंगठ्याला करंगळी.
दोन्हीकडे आहे.
दोन्हीकडे, ठळक.
बघत राहते,
तर मागून रिक्षावाला:
चलो दीदी, हरा हो गया.