इतिवृत्तात एकदाच

ट्रॉन्डहाइम, जानेवारी.
तळघरातली प्रयोगशाळा, खिडकी नाही,
आणि असती तरी काय दिसलं असतं;
तीन वाजताच दिवस आवरून घेतो इथला.

पाच कंपन्या आल्या, आपापली यंत्रं घेऊन.
पेट्यांना कुलपं, बोधचिन्हांवर काळी चिकटपट्टी,
कोणत्या पट्टीखाली कोण, ते सगळ्यांना ठाऊक.
बाजारात एकमेकांच्या नरड्याला लागलेले
इथे एकाच किटलीतली कॉफी ओतून घेत होते,
कारण माझी तार तुझ्या खाचेत बोलली नाही
तर दुकान दोघांचंही बंद.
जागा विद्यापीठाची. म्हणजे कुणाचीच नाही.
मी चिटणीस.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कसं बोललं ते नाही.

मुद्दा क्रमांक चार: तीन मीटर तांबं.
या टोकाला दिलेलं
त्या टोकाला ओळखू येत नव्हतं.
एस्किलनं पडद्यावर डोळा दाखवला.
डोळाच म्हणतात त्याला:
लाखो शून्यं आणि एक एकमेकांवर अंथरले
की मधे जी मोकळी जागा उरते, ती.
उघडा असला तर वाचता येतं.
आज साय धरली होती त्याच्यावर.

कनेक्टर तुमचा.
चिप तुमची.
मसुदा कुणी लिहिला होता, ते सांगू?

एस्किल, सव्वीस वर्षांचा,
स्वेटरच्या कोपरांना दोन वेगळ्या रंगांची ठिगळं,
सरळ तूरिड हाउग्लांडकडे वळला:
तुमचं कार्ड तुमच्याच कार्डाशी
पाच मीटरवरूनही बोलतं म्हणे.
कसं, ते माहीत आहे तुम्हाला?

तूरिडनं शेजारच्या माणसाकडे पाहिलं,
कंपनीनं सोबत पाठवलेला वकील.
नाही! म्हणाली, बशी वाजावी इतक्या मोठ्यानं.
मग टेबलाकडे बघत, तोच शब्द,
आवाज खाली घेऊन:
नाही.

मी एकदाच लिहिलं.

पुढचे महिने इतिवृत्तात नाहीत.
ओड्वारनं निवृत्तीआधीची सुट्टी पुढे ढकलून
चाचणीच्या पट्ट्या कापल्या, एकोणचाळीस,
त्यातल्या सहा उलट्या.
प्राध्यापिका रान्वाय अनुदानाच्या अर्जात
‘लवकरच’ हा शब्द घालत राहिल्या.
एस्किलचा डोळा लागायचा तो खुर्चीतच,
आणि समोरचा उघडत नव्हता.

मे महिन्यात, रात्री अकराला, बाहेर लख्ख उजेड,
त्यानं मला फोन केला. मला का, कोण जाणे.
म्हणाला, तांब्याला बदल झेपत नाही.
तेच ते आलं तर आवडीनं धरून बसतं.
म्हणून जो बिट बदलला तो ठासून सांगायचा,
आणि तोच पुन्हा आला
तर आवाज खाली घ्यायचा, साडेतीन डेसिबल.
एवढंच.
इतकं साधं कुणालाच कसं सुचलं नाही, म्हणाला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी.
बशी वाजली होती. मला आठवली.

त्याचा निबंध छापून आला, कुणीही वाचावा असा.
आता ते माहीत असायला हरकत नव्हती कुणाची.
सप्टेंबरच्या बैठकीत दीड तास गेला
‘असावा’ खोडून ‘असलाच पाहिजे’ करायला.
वकिलाला मधलं काहीतरी हवं होतं.
मग हात वर झाले: बाजूनं चार, विरोधात कुणी नाही,
तटस्थ एक. तूरिड.
विद्यापीठाला मत नसतं.

मानकात एस्किलचं नाव कुठेच नाही.
तक्ता चौदा, तिसरा रकाना, तिथे तो आकडा आहे,
आणि परवा ऐकलं की तो आता
नदीपलीकडे शाळेत गणित शिकवतो.

मंजूर इतिवृत्तात दुरुस्ती होत नाही.
नियम आहे, दर बैठकीत मीच वाचून दाखवते.
जानेवारीची फाइल काढून पाहिली मी काल.
नाही, लिहिलंय.
पूर्णविराम.