सिलिंडरचा तिसरा ठोका

पहिल्या ठोक्याला पोरं समुद्रातून बाहेर.
दुसऱ्याला पाय धुऊन घरात.
तिसऱ्याला गाव थांबतं.

पूर्वी शंख होता. तो वादळात गेला.
आता विलायती फणसाच्या फांदीला
गॅसचा रिकामा सिलिंडर टांगलाय,
आणि पेनितिला त्याला लोखंडी सळईनं असा बडवतो
जणू सिलिंडरनंच काही चोरलंय.

मग दोन बाप्ये लुंगी सावरत
रस्त्याच्या मधोमध उभे राहतात.
सवाई बेटावर आमच्या गावातून
या वेळी कुणी पुढे जात नाही.
परवा बोटीवरून उतरलेला एक टेम्पो
दहा मिनिटं मुकाट उभा होता,
माशांसकट, वितळत्या बर्फासकट.

रस्ता अडवता येतो.
मला कोण अडवणार?

मी लोसिवाले. वय त्रेचाळीस.
चटईवर मांडी घालते, डोळे मिटते,
सासरे खालच्या पट्टीत स्तोत्र धरतात
आणि दुसऱ्या ओळीलाच मी घराबाहेर पडलेली असते.
चुलीवर नारळाचं दूध फाटलं असेल.
ऑकलंडहून दिराचे पैसे आले नाहीत,
आणि रविवारी चर्चमध्ये नावं मोठ्यानं वाचतात,
कुणी किती दिले.
आमच्या नावापुढचा आकडा
मी मिटल्या डोळ्यांआड खोडते, पुन्हा लिहिते.
उशीखाली फोन थरथरतो.
सासरे पाण्यावर चालणाऱ्या त्या कोळ्याचं वाचतात,
लाटा पाहिल्या आणि बुडाला म्हणून.
निदान लाटा तरी होत्या, मी म्हणते.
मी तर गुडघाभर पाण्यात बुडते, रोज, साडेसहाला.

दिवसभर केवड्याच्या पाती विणते मी.
सोलून, उकळून, उन्हात पांढऱ्या केलेल्या,
दोऱ्याइतक्या बारीक चिरलेल्या.
एका चटईला दीड वर्ष लागतं.
पात सुटली तर डोळ्यांआधी बोटांना कळतं,
बोटं मागे जातात, शोधतात, ओवून घेतात,
सुटलीस कशी, असं पातीला विचारत बसत नाहीत.

गुरुवारी प्रार्थनेत मी एक डोळा उघडला.
समोर सासऱ्यांचाही एक उघडा होता.
अळूच्या वाफ्याकडे.
तिथे तेविताचं काळं डुक्कर
आमचे कंद उकरत होतं, अगदी निवांत.
सासऱ्यांचा आवाज जराही हलला नाही.
‘आजारी माणसांना बरं कर, प्रभू,
दर्यावरच्यांना घरी आण,
आणि तेविताला, हे दयाळू बापा,
कुंपण घालायची बुद्धी दे.
लवकर दे.’
‘आमेन’ सगळ्यात जोरात म्हणाली
ती माझी आठ वर्षांची फिलेमु.

मी हसले नाही. म्हणजे हसले,
पण आत काहीतरी सैल झालं.
सत्तर वर्षं प्रार्थना करणारा हा म्हातारा,
याच्याही वाफ्यात डुक्कर शिरतं
आणि हा ते डुक्कर उचलून
आहे तसं, चिखलासकट,
देवापुढे नेऊन ठेवतो.

तेव्हापासून मीही नेते.
दुधाचं पातेलं नेते. दिराला नेते.
तो आकडा, जो बोलायला जीभ रेटत नाही,
तोही एकदा नेला, पदराआड नाही, उघडा.
चार दिवस बरं जमलं.
पाचव्या दिवशी आख्खी प्रार्थना
शेजारणीच्या नव्या पत्र्यांमध्ये गेली,
आणि आमेन आलं तेव्हा
मी तिच्या छपरावर होते.

तिथून परत यायचं.
विचारत बसायचं नाही.

आज तिसरा ठोका झाला.
सिलिंडरची घरघर फणसाच्या पानांत
बराच वेळ रेंगाळली.
स्तोत्र संपलं, वाचन संपलं,
रस्त्यावर इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं,
पोरं उठली, चटई हलली.
दूध फाटलंय, मला वासावरून कळलं.
फाटू दे.
पात आत्ताच कुठे हाताला लागलीय.