अल्फोन्स, इकडे समुद्र नाही

अल्फोन्स, इकडे समुद्र नाही.
तलाव आहे, पाळीवर आंजनाची झाडं,
आणि सदारामचा डोंगा, बूड डांबरानं सांधलेलं.
पहाटेच त्यानं आणून दिले
पळसाच्या पानात बांधून दीड किलो झिंगे,
मिशा अजून हलत होत्या.
खेकडे धानाच्या बांधीतले. ते फुकट.
तेवढ्यालाच मी समुद्र म्हटलं.

तू म्हणायचास, पीठ तेलात भाजताना
बायको हाक मारो, जहाज बुडो,
पळी थांबवायची नाही.
आधी वाळू, मग मातीची भिंत, मग तांब्याचा पैसा,
आणि काळं पडायच्या एक श्वास आधी उतरवायचं.
अकरा वर्षं तुझ्या शेजारी कांदा चिरला,
एवढं एक शिकून आलो.
पण ते पीठ गव्हाचं होतं, अल्फोन्स.

तनूला गहू चालत नाही.
नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर लिहून
खाली दोन रेघा मारल्या.
दोन वर्षं पोर वाळत गेली,
आम्ही जंताचं औषध पाजत राहिलो.
आता पंगतीत पुऱ्या आल्या की ती आपला डबा उघडते,
आणि वाढणारा दरवेळी म्हणतो,
"एक त घे बाई, एकानं का होते?"
एकानं काय होतं ते देवांगनाला ठाऊक,
चार रात्री चादरी तिनं धुतल्या.

गिरणीत आधी कुणाचा गहू पडला, कोण सांगणार?
म्हणून तिनं माळ्यावरचं जातं उतरवलं,
तीनदा धुतलं,
पहिली ओंजळ गाईपुढे टाकली
आणि मग तांदूळ दळला.
हिंगाची डबी मी उन्हात धरून वाचली.
मुंगीएवढ्या अक्षरात: मैदा.
हिंगात!
मी हसलो, डबी उकिरड्यावर भिरकावली,
मग हसू गेलं.

तुझी सेलरी इथे कुणाला माहीत नाही.
साकोलीच्या बाजारात हातांनी आकार करून दाखवला,
भाजीवालीनं कांद्याची पात दिली. घेतली.
शिमला मिरची मिळाली, भिवापुरी तिखट घरचं.
जवसाचं तेल धुरावलं, पहिला घाणा जळला.
दुसऱ्याला शेंगदाण्याचं घेतलं
आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.
तांदळाचं पीठ हट्टी, बराच वेळ पांढरंच.
मग मी नजर हलवली तेवढ्यात
वाळू, भिंत, पैसा, सगळं एकदम.

दाटपणा मात्र येईना.
तेव्हा भेंडी टाकली, आणि तू आठवलास:
गुंबो म्हणजे भेंडीच रे, म्हणायचास,
आमच्या आज्या बिया केसांत लपवून
दर्यापार घेऊन गेल्या.
खरं की खोटं, तुलाही माहीत नव्हतं.
तार सुटली, रस्सा पळीला धरू लागला.

वासावर सयत्राबाई आली, टोपात डोकावली.
"हे त झिंगे-भेंडीचा आंबट होय बापा.
यासाठी जहाजावर कायले गेला होता?"
मला उत्तर सुचलं नाही.
तुला सुचलं असतं.

दिवेलागणीला अंगणात बसलो.
भात, वर तो तांबडा रस्सा,
खेकड्याची नांगी तनूच्या ताटाबाहेर.
तिनं नेहमीसारखं आधी विचारलं नाही
की यातलं माझं कोणतं.
झिंगे मोजले, नऊ,
आणि माझ्या ताटातला एक उचलून दहा केले.

तेवढ्यात शेजारचा हितेश आला,
हातात अर्धी पोळी, गुळाची.
ताटाकडे पाहिलं, तनूकडे पाहिलं,
उंबऱ्याशीच थांबला.
पोळी कुंपणाच्या खुंटावर ठेवली,
रांजणातून लोटा भरला
आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागला,
बोटांच्या बेचक्यांत, नखांत,
एवढं पाणी सांडत
की देवांगना ओरडली,
"पुरे झालं रे, ये बस."