डाव्या हाताचं बटण

प्रेसला दोन बटणं असतात.
दोन्ही हात दोन्ही बटणांवर, तरच डाय खाली येतो.
ज्याने ही युक्ती काढली त्याला
माणसाचा मोकळा हात कुठे कुठे जातो
ते ठाऊक असणार.

आमच्या सात नंबरच्या डाव्या बटणात
रुपयाचं नाणं ठोकून बसवलं होतं.
कधीपासून, ते चौकशीत निघालं नाही.
मला माहीत आहे. करारापासून.

करार आम्ही पाच जणांनी केला.
वाकडेवाडीला सह्या, भोसरीत गेटवर गुलाल,
लोणाऱ्यांना खांद्यावर घेतलं तेव्हा
त्यांची चप्पल माझ्या हातात राहिली होती.
साडेअकरा हजारांची वाढ, तीन वर्षांत मिळून.
आणि कलम चौदा: उत्पादन बारा टक्के जास्त.
पेढा तोंडात होता,
बारा टक्के कुठून आणायचे हे कोण विचारणार?

बालाजी सूर्यतळे, औंढ्याकडचा, वय बावीस.
कंत्राटी. म्हणजे शर्ट निळा नाही, राखाडी.
कॅन्टीनची रांग वेगळी, भाजी तीच,
दही मात्र आमच्या करारातलं.
तिसऱ्या पाळीत, पहाटे सव्वाचारला,
पत्रा जरा तिरका बसला होता.
डावा हात मोकळाच होता,
तो सरळ करायला गेला.
तीन बोटं. अंगठा वाचला.

चार्जशीट सेटरवर आली, हुलावळ्यावर.
हुलावळे सभासद. वर्गणी एक महिना चुकलेली नाही.
मी त्याचा बचाव प्रतिनिधी.
मी विचारलं, नाणं ऑपरेटरनेच घातलं नसेल कशावरून?
चौकशी अधिकाऱ्याने चष्मा वर केला
आणि प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.
लोणारे जिन्यात म्हणाले, अगदी वकिलासारखा.
हुलावळे ताकीद देऊन सुटला.
त्या रविवारी त्याच्या घरी मटण होतं.
मी खाल्लं. चांगलं झालं होतं.

बालाजीकडे गेलो त्याला मग महिना लागला.
लांडेवाडीतली खोली, पाच जणांची,
पाळीप्रमाणे अंथरूण बदलणारी.
एक जण भिंतीकडे तोंड करून झोपलेला,
म्हणून आम्ही हळू बोललो.
ठेकेदाराने हिशेब केला होता,
रात्रीच्या गाडीचं तिकीट खिडकीच्या गजात खोचलेलं.
मी पावती पुस्तक काढलं.
तो म्हणाला, भाऊ, मी तर आता कामावर नाही.
मी म्हटलं, हो.
तारीख मागची टाकली, अपघाताच्या आधीची.
वर्गणी माझ्या खिशातली.
फॉर्मवर सही करताना कागद सरकत होता,
कागद दाबून धरायला दुसरा हात लागतो.
मी धरला.
सही शाळेतल्यासारखी, पूर्ण नाव, वडिलांचंही.

लोणारे भडकले. घटनेत बसत नाही, म्हणाले,
उद्या दीडशे कंत्राटी दारात उभे राहतील.
उभे राहू देत, मी म्हणालो,
पण तेवढ्या मोठ्याने नाही
जेवढ्या मोठ्याने द्वारसभेत बोलतो.
नव्या मागणीपत्रात मी पहिला मुद्दा लिहिला होता,
टाईप होऊन आला तेव्हा तो सतरावा होता,
गणवेशाच्या शिलाईनंतर.

आता सात नंबरला नवं बटण आहे, लालभडक.
आज पहिल्या पाळीत त्यावर काळी टेप दिसली.
मशीन थांबवून मी ती नखाने खरवडून काढली,
थोडा डिंक नखात राहिला.
ऑपरेटर आपलाच, निळ्या शर्टातला.
हात पुसत म्हणाला,
भाऊ, ताशी चाळीस नग कमी पडतात,
ते कलम चौदाला तुम्ही सांगणार, का मी?