दोनदा हॉर्न

बॅटरी काढून कडेवर घेते,
तीन जिने. अकरा किलो.
घरमालक म्हणतो, आत चार्जिंगला लावू नकोस.
मी हो म्हणते, आणि लावते.

गॅलनभर दूध दोन पायांत,
पिट्सबर्गचा हा जीवघेणा चढ
स्कूटर हूं की चूं न करता चढते.

कोपऱ्यावरच्या वोयचिकबाईंना दिसत नाही.
गल्लीतली गाडी न् गाडी त्यांना आवाजावरून पाठ.
“तू तेवढी कळत नाहीस,” म्हणाल्या.
तेव्हापासून त्यांच्या खिडकीशी
दोनदा हॉर्न.

काल थंडीनं चार्ज गिळला,
अर्ध्या चढावर शेवटची काडी विझली.
हँडल धरून ढकलत आणली
धापा टाकत, बूट घसरत.
हॉर्नही मेलेला.

खिडकी आधीच वर सरकवलेली.
“आज आलीस ती ऐकू आली.”