बावीस मिलिमीटर

मी कवळ्या करतो, भुसावळात, जामनेर रोडला.
मेण, प्लास्टर, बारीक बर, डोळ्याला अडकवायचं भिंग.
रात्री शटर अर्धं ओढलं की
त्याच हत्यारांनी रेल्वे.

अकरा वर्षं चालली ती बाजारी रुळांवर:
साडेसोळा मिलिमीटर, खोक्यातून काढा, जोडा, पळवा.
डबे आपले, इंजिन आपलं,
पाचोऱ्याची पिवळी पाटी तीन भाषांत, नखाएवढी.
फक्त रूळ परक्या मापाचे.
कोण बघतंय, मी स्वतःला सांगायचो,
आणि खरंच कोणी बघत नव्हतं.

मग बाबा आले. सुकलाल चावीवाले,
एकतीस वर्षं वरखेडी ते पिंपळगाव
रोज पायी, खांद्यावर हातोडा.
गुडघे बसू देत नाहीत; वाकले,
गाल टेबलाला टेकवून रुळाच्या रेषेत एक डोळा मिटला,
आयुष्यभर मिटला तसा.
"हाई गाडी आपली नही शे.
पाय आखडी बठेल दिखस."

त्या रात्री हिशेब मांडला.
सोळाशे शहात्तर भागिले शहात्तर पूर्णांक दोन:
बावीस, केसभर कमी.
अडीच फुटी छोटी लाइन, सातशे बासष्ट:
दहा. बाकी शून्य.
बाकी शून्य! मी उठून पाणी प्यालो.
उलटं मांडलं तर माझी मोठी लाइन
सव्वाचारशे मिलिमीटर खोटी.
एक माणूस पाय जवळ घेऊन बसेल
एवढी जागा मी दोन रुळांमधून
अकरा वर्षं गिळत होतो.

उपटायला एक रविवार पुरला.
नंतर कळलं, रूळ रुंद झाला की
जुनं काहीच बसत नाही:
आस आखूड, ब्रेकचे ठोकळे भलतीकडे,
चाकांच्या कडा बैलगाडीच्या धावेसारख्या जाड,
काट्यावर चढायच्या नि आडव्या व्हायच्या.
खडका रोडच्या तस्लीम टर्नरने
पितळेची चोवीस चाकं कातून दिली,
त्यातली नऊ मी परत नेली.
"डॉक्टर," तो म्हणाला (मी डॉक्टर नाही),
"इतना तो दाँत में भी कोई नहीं देखता."
दातात केसभर उंच राहिलं, मी म्हणालो,
तर माणूस जेवत नाही.

आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर.
खडी म्हणजे क्रशरची कच, चहाच्या गाळणीतून;
बायकोने नवी गाळणी मागितली, मग आणखी एक.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीला, रूळ साप झाले.
सांध्यात फट सोडायची विसरलो होतो
मी, चावीवाल्याचा मुलगा.

दोन वर्षांत झाली लाइन: दोन हात, चार बोटं.
पूर्वी माझी गाडी खोलीभर गोल फिरायची.
आता ती कुठे जात नाही.
पाचोऱ्याचा फलाट, एका अंगाला बावीस,
दुसऱ्या अंगाला दहा,
मध्ये केळीच्या घडांची हातगाडी, अजून रंगवायची.

दिवाळीनंतर बाबांनी माझी गेजपट्टी मागितली,
पितळेची, कानातल्या कुडीएवढी.
छोट्या लाइनीवर ठेवून सरकवली, पुढे, अजून पुढे,
वळणावर अडली.
काही बोलले नाहीत. उचलली, पुन्हा ठेवली. अडली.
त्यांचा हात खांद्याकडे गेला
आणि रिकामाच खाली आला.
"वळणवर जराखं मोकळं सोड."
किती?
"दोन सूत."
दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर, भागिले शहात्तर:
वहीच्या एका पानाची जाडी.

म्हणजे एवढा तुकडा परत उपटायचा.
पट्टी मी धरतो, बाबा म्हणाले,
तू फक्त डाग दे.
सकाळी सावद्याच्या दोन कवळ्या द्यायच्या आहेत.
नऊ वाजलेत. मी सोल्डर तापायला लावलं.