आवाज तपासून घेतला

नव्या पेठेतल्या त्या शाळेत घंटा नाही.
तास संपला की ट्यूबलाइट दोनदा मिचकावतात.
मी पोचलो तेव्हा कितवा तास चालू होता कोण जाणे,
खळदकर बाईंनी आधी चपलांची पाटी दाखवली,
मग संगणकाची खोली.

हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेली,
म्हणजे देणगी दिलेली, चार यंत्रं.
त्यांत लिनक्स, कारण लिनक्सला पैसे पडत नाहीत.
नंतर माझे पडतात, हे देणारा सांगत नाही.

सहावी. विज्ञान. धडा तेरावा.
व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन,
मधोमध कोड्यातला एक हिरवट तुकडा,
आणि चौकोनाच्या मागून कुणी माणूस
खणखणीत आवाजात सांगतोय:
ध्वनी म्हणजे कंपन.

"आवाज तर येतोय," मी म्हणालो.
बाई नुसत्या बघत राहिल्या.
बाकांवर एकोणीस मुलं होती.

टर्मिनल उघडलं. पासवर्ड की-बोर्डच्या पोटाला चिकटवलेला,
बाईंच्या वळणदार अक्षरात.
प्लगइन निघाले दोन.
एक फुकटातला, अर्धवट शिकलेला,
बोलतो पण दाखवता येत नाही.
दुसरा बत्तीस बिटांचा,
चौसष्ट बिटांच्या ब्राउझरच्या उंबऱ्यावर
दोन वर्षं तिष्ठत, कुणी आत न घेतलेला.
दोघांनाही काढलं. नवा उतरवायला घेतला,
शाळेचं नेट असं, की तेवढ्यात
बाईंचा डबा खाऊन झाला, वह्या तपासून झाल्या.
फाइल ठेवली. चुकीच्या फोल्डरात ठेवली.
पुन्हा ठेवली.
ब्राउझर बंद. ब्राउझर चालू.

माणूस दिसला.
टक्कल, निळा कोट, हातात नादकाटा,
आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत
खुणांनी सांगणारी एक बाई.
तिचे हात पळायला लागले तसे
बाकांवरचे हातही सुटले, एकमेकांना ढोसत,
बघ बघ करत.

आवाज मात्र गेला होता.
मी वायर गुंडाळली.
इथे कोण विचारणार, असं वाटलं मला.
खरंच वाटलं. लाजायला पुढे पुष्कळ वेळ मिळाला.

तिसऱ्या बाकावरची शकिला बागवान उठली.
तपकीर गल्लीतल्या त्या दीडशे रुपयांच्या स्पीकरवर
तिने तळहात टेकवला, ताप बघतात तसा.
थांबली. दुसरा हात लावून पाहिला.
मग माझ्याकडे वळून काहीतरी केलं हातांनी.
मला ती भाषा येत नाही. तेवढं आलं.

"कालपर्यंत चित्र नव्हतं ना," बाई म्हणाल्या,
"तर हीच सगळ्यांना सांगायची,
आता बोलतोय, आता गप्प झाला,
आता काहीतरी पडलं."

वायर उलगडली. पुन्हा बसलो.
एकच साउंड कार्ड, त्यावर दोघांचा हक्क,
पहाटे नळावर आधी कुणाची बादली, तसलं भांडण.
एकाला मारलं, तो परत उठला.
पुन्हा मारलं. परत उठला.
शेवटी मधे एक पूल टाकला, दोघांनी त्यावरून जावं असा,
तर मिक्सरमध्ये मूळ पट्टीच बंद,
कुणी केली, कधी केली, बाईंना आठवेना.
एक कळ दाबायची होती.
सव्वा तास गेला होता.

शकिलाचा हात स्पीकरवरच होता.
ती हसली वगैरे नाही.
तिने खुंटी स्वतः फिरवली, शेवटापर्यंत.
नादकाटा वाजला, कपाटाची काच थरथरली,
टेबलावरच्या टाचण्या सरकायला लागल्या,
आणि शेजारच्या अभ्यासिकेतून
स्पर्धा परीक्षेचा एक पोरगा भांडायला आला.
दारात उभा राहून तो बराच वेळ बोलला,
मुद्देसूद बोलला.
कुणी वळूनही पाहिलं नाही.

बिलावर कामाचा तपशील लिहावा लागतो.
लिहिलं: चित्र, ठीक.
आवाज, ठीक. तपासून घेतला.
तपासणाराची सही, या रकान्यावर
मी पेन तिच्याकडे दिलं.
तिने उजवा हात स्पीकरवरून काढला नाही.
डाव्या हाताने केली, वाकडी.